टायरची उजवी कड

६ जानेवारी

विहीणबाई,

नमस्कार. पत्र बघून दचकू नका, इकडे सगळं ठणठणीत आहे. फोनच करणार होते, पण फोनवर आपल्या दोघींचं 'जेवलात का' आणि 'तब्येत काय म्हणते' यापुढे कधी जातच नाही. मुलांच्या लग्नाला चार वर्षं झाली, तरी तुमच्या टायरच्या दुकानात कोणती यंत्रं आहेत हे मला ठाऊक नाही. आणि आता नेमकं दुकानातलंच बोलायचं आहे.

भूमापन खात्यातून निवृत्त झाल्यावर मी मोटारसायकल घेतली, हे तुमच्या लेकीने सांगितलं असेलच. लांबच्या प्रवासाची आहे. उंच, आठशे सीसीची, दोनशे वीस किलो वजनाची, डांबरावर चालते आणि डांबर संपल्यावरही चालते. तुमच्या जावयाचं यावरचं मत तुम्ही ऐकलं असेल. तो दातांचा डॉक्टर, त्याला जिकडे तिकडे कीडच दिसते. त्यात पहिल्याच महिन्यात पेट्रोल पंपावर उभ्या-उभ्या गाडी माझ्या अंगावर कलंडली, आणि नेमका तो माझ्याकडे आलेला होता. लागलं काही नाही, पण त्याने माझ्याकडून शब्द घेतला की आणखी एकदा पडले तर गाडी विकायची. मी दिला. पस्तीस वर्षं लोकांच्या जमिनीच्या हद्दी मी सांगितल्या, शब्द फिरवायची सवय मला नाही.

मे महिन्यात मुलांकडे जायचं ठरवलं आहे, अर्थात गाडीवरून. अकराशे चाळीस किलोमीटर, त्यातले शेवटचे दोनशे डोंगरातले. जुने टायर गुळगुळीत झालेत. इथला दुकानदार मला विचारतो, "साहेब कधी येतील?" म्हणून तुम्हाला विचारते. कोणते टायर घालू? माझं निम्मं फिरणं खडीच्या आणि मातीच्या रस्त्यांवर असतं, एवढं लक्षात घ्या.

आपली,
मोजणीबाई
(मुलगा लहानपणापासून याच नावाने चिडवतो, आता तुम्हीही चालवा.)

१३ जानेवारी

विहीणबाई,

कागदावर डाग दिसतील ते ग्रीसचे आहेत. दोन गिऱ्हाइकांच्या मधे लिहितेय, हात धुवायला गेले तर पत्र राहून जाईल. "साहेब कधी येतील" हे मलाही सव्वीस वर्षं विचारतात. मी सांगते, "साहेब समोर उभ्या आहेत, काय काम आहे बोला."

टायर घ्यायला आलेला माणूस सहसा खरं बोलत नाही. रोज घर ते ऑफिस करतो आणि टायर मागतो वाळवंट पार करायचे. म्हणून मी आधी विचारते, गेल्या महिन्यात कुठे कुठे गेलात? मग तो खाली बघायला लागतो. पण तुम्ही पडलात मोजणी खात्यातल्या, तुमचं निम्मं म्हणजे निम्मंच असणार. तुम्हाला काय विचारायचं?

तुमच्या गाडीला तीन तऱ्हांचे टायर मिळतात. एक डांबराचे, त्यांची नक्षी उथळ असते आणि रबर रस्त्याला भरपूर टेकतं. दुसरे मधले. तिसरे बटणटायर, म्हणजे ज्यांच्यावर रबराचे सुटे ठोकळे असतात, ते खडीत आणि मातीत रुततात आणि गाडी धरून ठेवतात. तुमचा रस्ता निम्मा खडीचा, शिवाय पुढे डोंगर, तेव्हा बटणटायरच. जोडी आजच ट्रान्सपोर्टने पाठवली. किंमत विचारायची नाही. विचारलीत तर मी रुसले म्हणून समजा.

टायर माझे, पण बाकीची गाडी तुमच्या हाती. दर पाचशे किलोमीटरला चेन पुसून तेल द्या. चेन बोटाने वर ढकलली की दोन बोटं हलली पाहिजे. लोकांना ताठ चेन आवडते, पण ताठ चेन आतलं बेअरिंग खाते. चाकाच्या तारांवर पान्याने हलकी टिचकी मारत चला, जी बद्द वाजेल ती सैल. हवा सकाळी मोजायची, टायर थंड असताना. एवढं केलंत तर गाडी तुम्हाला रस्त्यात सोडणार नाही.

टायरवाली

२ फेब्रुवारी

विहीणबाई,

टायर मिळाले, बसवले, उत्तम आहेत. तुमचे किती आभार मानू कळत नाही. आल्यागेल्याला दाखवते आहे.

उत्तर द्यायला उशीर झाला, कारण उजवं मनगट जरा दुखत होतं. आता बरं आहे. चेन तुम्ही सांगितली तशी दोन बोटं ठेवली. तारा वाजवून बघितल्या, एक बद्द निघाली, ती आवळली. उजवीकडचा आरसा जुना झाला होता, तोही बदलून टाकला. बाकी विशेष काही नाही.

मोजणीबाई

१० फेब्रुवारी

विहीणबाई,

टायर आवडले, बरं वाटलं. पण तुम्ही फारच गुणी गिऱ्हाईक निघालात. बटणटायर घातलेला माणूस पहिला महिनाभर माझं डोकं खातो. आवाज येतो म्हणतो, हँडल थरथरतं म्हणतो, गाडी लोण्यावर चालल्यासारखी वाटते म्हणतो. तुमची एकही तक्रार नाही.

एक गोष्ट मागच्या पत्रात लिहायची राहून गेली. दुकानात मी ती प्रत्येकाला तोंडाने सांगते, त्यामुळे हाताला लिहायची सवय नाही. नव्या टायरवर साच्यातला तेलकट थर असतो. पहिले दोनशे किलोमीटर तो निघेपर्यंत गाडी फार झुकवायची नाही, ओल्या रस्त्यावर तर मुळीच नाही. तुमचे तेवढे एव्हाना झालेच असतील, तरी लिहिते.

मार्चमध्ये टायरचा फोटो पाठवा. किती झिजले, कुठे झिजले ते बघून पुढचं सांगते.

टायरवाली

२० मार्च

विहीणबाई,

फोटो काढून पाहिला, नुसतं काळं दिसतं. म्हणून खात्यातली युक्ती केली. शिल्लक राहिलेला पातळ कागद मागच्या टायरवर या कडेपासून त्या कडेपर्यंत ताणून बसवला आणि वरून पेन्सिल आडवी घासली. नक्षी जशीच्या तशी उमटली. चार ठिकाणचे चार कागद सोबत आहेत. प्रत्येकावर डावी आणि उजवी लिहिली आहे, मधली रेघ आखली आहे. गाडी या टायरवर दोन हजार सहाशे किलोमीटर चालली आहे.

फोटोपेक्षा हे अचूक आहे असं माझं मत. तुमच्या धंद्यात कुणी असं करतं का?

मोजणीबाई

२७ मार्च

विहीणबाई,

असं कुणी करत नाही. तुमचे कागद मी दुकानाच्या काचेवर चिकटवले आणि दुपारभर जाता-येता बघत होते. शेजारचा ग्रीसवाला विचारत होता, कुणाची पत्रिका आहे का. मी म्हटलं, पत्रिकाच आहे म्हणायची.

आता मी वाचते, तुम्ही ऐका. पहिली गोष्ट. खडीत फिरलेल्या टायरच्या बटणांच्या कडा तुटतात, त्यांना चिरा पडतात. तुमच्या एकाही बटणाला ओरखडा नाही. मधली रांग मात्र सपाट घासली आहे. हा टायर आयुष्यात खडीला लागलेला नाही.

दुसरी गोष्ट. डावी बाजू पार कडेपर्यंत वापरली आहे, बटणं गोल झाली आहेत. उजवीकडची शेवटची रांग अगदी कोरी आहे, चारही कागदांवर. गाडी उजवीकडे झुकलेलीच नाही. रस्त्याच्या उतारामुळे थोडाफार फरक पडतो, पण इतका नाही. नव्या टायरवर बारीक रबरी केस असतात, वापरला की आठवड्याभरात जातात. जरा जाऊन उजव्या कडेला हात लावा आणि केस आहेत का ते कळवा.

आणि मनगट कोणतं दुखत होतं म्हणालात? आरसा कोणता बदलला? मी तुमचं फेब्रुवारीचं पत्र पुन्हा काढून वाचलं आहे.

टायरवाली

४ एप्रिल

विहीणबाई,

केस आहेत. सगळे आहेत.

पत्र आल्यावर दोन दिवस मी उत्तराचे मसुदे करत होते. रस्त्याच्या उताराचं एक गणितसुद्धा मांडून झालं होतं. मग ते फाडून टाकलं. तुम्ही काचेवर चिकटवून वाचलेलं मी कागदावर किती दिवस लपवणार?

मी पडले. टायर बसवल्यापासून नवव्या दिवशी. जेमतेम एकशे चाळीस किलोमीटर झाले होते. पहाटे पाऊस पडून गेला होता, धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर उजवं वळण होतं. रोजच्यासारखी झुकवली आणि मागचं चाक खालून निघून गेलं. मी आणि गाडी वेगवेगळ्या दिशांना घसरत गेलो. मनगट मुरगळलं, आरसा फुटला, पाय ठेवायचा दांडा वाकला. एका दूधवाल्याने गाडी उचलायला मदत केली. घरी मी एकटीच, त्यामुळे कुणाला कळलं नाही. तुमचं दोनशे किलोमीटरचं पत्र आलं तेव्हा पडून पंधरा दिवस झाले होते.

त्यानंतर उजवं वळण आलं की माझे हात लाकडासारखे होतात. बाजारात जायला एक उजवं वळण लागतं. ते टाळून मी तीन डावी घेते. शहराचा नकाशा काढून मी डाव्या वळणांचे रस्ते आखले आहेत. पस्तीस वर्षांच्या नोकरीचा हा उपयोग झाला.

खडीचं खोटं होतं. मी डांबरावरच फिरते. तुम्ही इतकी वर्षं या धंद्यात, तुम्हाला वाटू नये की ही बाई भाजीच्या पिशव्या आणायला आठशे सीसीची गाडी घेऊन बसली, म्हणून निम्मी खडी लिहिली. टायर घातल्या दिवशीच कळलं की हे माझ्या कामाचे नाहीत. हँडल थरथरत होतं, आवाज येत होता, तुम्ही लिहिलं ते सगळं होत होतं. पण मुलीच्या आईने प्रेमाने पाठवलेली वस्तू परत कशी करायची? म्हणून उत्तम आहेत असं लिहिलं.

आता खरी गोष्ट. मुलाला मी शब्द दिला आहे, आणि पडल्याचं त्याला सांगितलेलं नाही. रविवारी तो फोनवर विचारतो, "गाडी काय म्हणते?" मी म्हणते, मजेत आहे. ही गाडी सोडायची म्हटलं तर माझा जीव खाली-वर होतो, विहीणबाई. आणि खोटं बोलून ठेवायची म्हटलं तर तिच्यावर बसवत नाही.

मोजणीबाई

९ एप्रिल

विहीणबाई,

पत्र वाचलं आणि कंप्रेसर बंद करून आधी तुमच्यावर मनसोक्त चिडले. विहिणीने दिलं म्हणून चुकीचे टायर घालून माणूस फिरतं? उद्या मी विषाची बाटली पाठवली तर ती पण 'उत्तम आहे' म्हणून प्याल? तुम्हाला काही झालं असतं तर मी माझ्या लेकीला तोंड कसं दाखवलं असतं?

मग स्वतःवर चिडले. सगळ्या जगाला विचारते, गेल्या महिन्यात कुठे गेलात, आणि तुम्हाला विचारलं नाही. मुलाची आई, त्यातून सरकारी हुद्द्याची, तिची उलटतपासणी कशी घ्यायची? दोनशे किलोमीटरचं लिहायला विसरले ते वेगळंच. निम्मं पडणं तुमचं आहे, निम्मं माझं.

डांबराचे टायर आजच पाठवले आहेत. नक्षी उथळ आहे, दिसायला साधे आहेत, मिरवायचे नाहीत. पुढे छत्तीस हवा ठेवा, मागे बेचाळीस. पहिले दोनशे किलोमीटर काय करायचं ते आता तुम्हाला माहीत आहे. बटणटायर परत पाठवा, आणि यावेळी संकोच केलात तर खरंच रुसेन.

उजव्या वळणाचं असं आहे. मी लांब कधी गेले नाही, दुकानासमोर फिरवून बघते तेवढंच, पण चालवणाऱ्यांचं ऐकत आले आहे. पडलेला माणूस वळणावर चाकापुढच्या जमिनीकडे बघतो, कुठे निसरडं आहे का म्हणून. जिकडे बघाल तिकडे गाडी जाते. वळण जिथे संपतं तिथे बघा. मोकळं मैदान शोधा आणि उजवीकडे गोल गोल फिरा, आधी मोठे गोल, मग लहान.

राहता राहिले जावईबापू. तुमचा शब्द कशाला मोडतोय? मी त्यांना लिहिते की टायर मी चुकीचे पाठवले, दोष दुकानाचा. ते ऐकतील माझं. आणि खरं सांगू का, मला हसू येतं त्यांचं. साठीच्या आईला सायकल शिकणाऱ्या पोरीसारखं धरून बसायचं, इतकं काय घाबरायचं ते? तुम्ही फक्त हो म्हणा.

टायरवाली

३० एप्रिल

विहीणबाई,

नवे टायर बसवले. पहिल्याच दिवशी गाडी अशी शांत झाली की इंजिन बंद पडलं की काय म्हणून मी खाली वाकून बघितलं. हे टायर उत्तम आहेत. हे मी खरं लिहिते आहे.

जुन्या कारखान्यामागे फरशी घातलेलं मैदान आहे. तिथे मधोमध फरशीच्या फटीत खुंटी ठोकली, दोरी बांधली आणि चुन्याने तीन वर्तुळं आखली, पंधरा मीटरचं, बारा मीटरचं आणि नऊ मीटरचं. दोनशे किलोमीटर सरळ रस्त्यावर करून मगच तिथे गेले. रोज सकाळी तासभर उजवीकडे फिरायची. पहिले चार दिवस पंधराच्या आत जाता येईना. पाचव्या दिवशी तुमचं ऐकलं आणि चाकाकडे न बघता वर्तुळाच्या पलीकडच्या बाजूला नजर ठेवली. बारावर गेले. अकराव्या दिवशी नऊ मीटरवर गेले आणि दहा फेऱ्या मारल्या. एक म्हातारे गृहस्थ रोज कुंपणापाशी उभे राहून बघायचे. शेवटी त्यांनी विचारलं, "बाई, काही हरवलंय का?" मी म्हटलं, हरवलं होतं, सापडलं.

तुम्ही मुलाला लिहू नका. तुमचा मोठेपणा मला कळतो, पण शब्द मी दिला होता, टायरने दिला नव्हता. 'पडलीस तर' एवढंच त्यात होतं, कुणाच्या चुकीने ते नव्हतं. मी सात तारखेला निघते. गाडीवरून जाईन, समोर बसेन आणि सांगेन. विक म्हणाला तर तिथेच विकेन आणि बसने परत येईन. शेवटचाच प्रवास असेल तर तो तरी धड करायचा आहे. चेन, तारा, ब्रेक, हवा, सगळं तपासलं. तुमचं गाव वाटेत असतं तर किती बरं झालं असतं, पण ते नेमकं उलट्या दिशेला.

मोजणीबाई

१३ मे

विहीणबाई,

पोहोचले. तीन दिवसांत अकराशे बावन्न किलोमीटर झाले, बारा जास्तीचे आहेत, कारण एका फाट्यावर हट्टाने चुकले. डोंगरातल्या दोनशे किलोमीटरमध्ये उजवी वळणं एकशे सत्तेचाळीस. सगळी मोजली आणि एकही टाळलं नाही. शेवटच्या चाळीस वळणांवर तर मी मोजता-मोजता गुणगुणत होते.

मुलगा दारात उभा होता. हेल्मेट काढायच्या आत म्हणाला, "आई, तू खूष दिसतेस." त्यामुळे सांगणं आणखी जड झालं. तरी हातपाय धुतले, चहा झाला आणि सांगून टाकलं. धरणाचा रस्ता, मनगट, आरसा, रविवारचे फोन, तीन डावी वळणं, सगळं. तुमचं नाव टायरपुरतंच घेतलं.

त्याने समोरचा कप उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "पडलीस त्याचं मला इतकं नाही वाटत. पण मी दर रविवारी विचारत होतो." मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "शब्द शब्द असतो ना, आई? तूच शिकवलंस." मी पुन्हा हो म्हटलं आणि किल्ली टेबलावर ठेवली. मग आत जाऊन नळ सोडून रडले. या वयात एका यंत्रासाठी रडायची मला लाज वाटली नाही, हेही लिहून ठेवते.

बाहेर आले तेव्हा किल्ली टेबलावर नव्हती. तुमच्या लेकीच्या हातात होती. दिवसभर वाड्या-वस्त्यांवरच्या विहिरींचं पाणी तपासून ती नुकतीच आली होती, नमुन्यांच्या बाटल्यांची पेटी अजून खांद्यावरच होती. तिने नवऱ्याला विचारलं, "विकायचीच ना?" तो म्हणाला, हो. ती म्हणाली, "मग गिऱ्हाईक मी. ऑफिसच्या त्या जीपची वाट बघत रोज दोन तास फाट्यावर उभी असते, माझे पाय दुखतात. माझ्या नावावर करा." तो म्हणाला, "तुला चालवता येते का?" ती म्हणाली, "आई शिकवतील." त्याने माझ्याकडून शब्द घेतला होता, बायकोकडून घ्यायचा राहिला होता. तो माझ्याकडे बघत बसला आणि मी छताकडे.

किंमतही तिनेच ठरवली. दरवर्षी दोन महिने मी इथे येऊन राहायचं आणि तेव्हा गाडी मी चालवायची. मी म्हटलं, ही किंमत झाली की अट? ती म्हणाली, दोन्ही. काल कागद झाले. गाडी आता माझी नाही, आणि मी दिलेला शब्द पाळला आहे. कालच सकाळी शाळेच्या मैदानात चुन्याची तीन वर्तुळं आखली. तुमची लेक आज, दुसऱ्याच दिवशी, बारा मीटरवर गेली, हात अजिबात ताठ नाहीत. मुलगा खिडकीतून बघत होता. दुपारी त्याने मला न विचारता चेनला तेल दिलं.

तिच्या रस्त्यांसाठी टायर कोणते, ते आता तुम्हीच ठरवा.

मोजणीबाई

१९ मे

विहीणबाई,

तुमचं पत्र वाचत असताना एक ट्रकवाला समोर ओरडत होता, त्याला मी थांबवून ठेवलं. आता आपल्यात खोटं चालणार नाही, म्हणून पहिल्यांदा काय केलं ते सांगते. लेकीला सरळ नाही म्हणायला फोन लावला. तिने उचलायच्या आत बंद केला. दोन दिवसांत असे चार फोन केले. एकदा तिने उलट फोन करून विचारलं, "आई, काय गं?" तेव्हा जेवलीस का एवढंच विचारलं.

जावईबापूंना सांगा, मी त्यांना हसले होते ते परत घेते. सव्वीस वर्षं मी लोकांच्या आयांना, पोरींना, नवऱ्यांना टायर बसवून दिले आणि दुकानातून हसत वाटेला लावलं. त्यांची माणसं घरी कशी बसत असतील हे कधी मनात आलं नाही. माझी पोर चार महिन्यांची असताना याच दुकानात ट्रकच्या टायरमध्ये गोधडी घालून झोपायची, हवा भरायच्या आवाजानेसुद्धा जागी व्हायची नाही. ती आता त्या सीटवर बसणार म्हटल्यापासून मी हिशेबाची तीच बेरीज तीनदा करते आणि तीन उत्तरं येतात.

तरी नाही म्हणणार नाही. तुमची बारा मीटरची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. हात ताठ नाहीत म्हणालात ना, तेवढ्यावर मी तग धरून आहे.

काल पुन्हा फोन करून रस्त्यांचं मी तिला विचारलं, गेल्या महिन्यात कुठे कुठे गेलीस. म्हणाली, "निम्मी खडी असते." मी यावेळी जावईबापूंना विचारून खात्री केली. ते म्हणाले, निम्मी कसली, पाऊण. तेव्हा तिला बटणटायरच लागतील. ट्रान्सपोर्टने पाठवणार नाही. मी स्वतः घेऊन येते, बसवणारही मीच, आणि पहिल्या दोनशे किलोमीटरचं तिला समोर बसवून सांगणारही मीच. तुमच्याकडे चुना शिल्लक असेल तर एक वर्तुळ अठरा मीटरचंही आखून ठेवा. तिच्यासाठी नाही. मला बघत उभं राहायला थोडं लांबचं बरं.

आज सकाळी शिडी लावून वरच्या फळीवरचे टायर काढले. टायर कोणत्या आठवड्यात बनला ते त्याच्या बाजूवर चार आकड्यांत कोरलेलं असतं. इतकी वर्षं मी ते येता-जाता वाचते, लोकांशी बोलताना वाचते. आज शिडीवर उभी राहून चारदा वाचलं, चष्मा पुसून पाचव्यांदा वाचलं, प्रत्येक बटण अंगठ्याने दाबून बघितलं. मग ती जोडी खाली ठेवली आणि पुन्हा वर चढून दुसरी काढली. पहिलीत काही खोट नव्हती. सोमवारी दोन्ही जोड्या घेऊन येते.

टायरवाली